काडतुसाची पुंगळी : सातारा–सांगली परिसरातील इतिहास

काडतुसाची पुंगळी : बंदुकीचा किंवा रायफलीचा बार उडाल्यानंतर मागे राहणारे काडतुसाचे रिकामे पितळी कवच. पूर्ण काडतुसाचे चार घटक असतात : ठिणगी पाडणारी टोपी, प्रणोदक दारू, गोळी अथवा छर्रे आणि या तिन्हींना एकत्र धरून ठेवणारी पुंगळी. बार होताच पहिले तीन घटक खर्ची पडतात. पुंगळी मात्र बहुधा शाबूत राहते. ती स्वच्छ करून, तिचा आकार पूर्ववत करून व नवी टोपी बसवून पुन्हा भरता येते. काडतुसाच्या किंमतीचा मोठा वाटा पुंगळीचा असल्याने, जेथे काडतुसे महाग किंवा दुर्मिळ असतात तेथे ती जपून ठेवण्याकडे कल असतो. ब्रिटिश राजवटीत भारतात ती केवळ महाग नव्हती, तर कायद्याने जखडलेली होती. त्यामुळे या क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूला राजकीय महत्त्व प्राप्त झाले. जुन्या सातारा जिल्ह्यात १९४२ ते १९४६ या काळात झालेल्या भूमिगत लढ्याचा विचार करताना हे महत्त्व विशेष जाणवते. या जिल्ह्यात तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर व शिराळा हे भाग समाविष्ट होते; ते १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यात गेले व त्याच जिल्ह्याचे १९६० मध्ये सांगली असे नामांतर झाले.

ठासणीच्या बंदुकीला पुंगळी लागत नसे. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, वर कापडाचा किंवा काथ्याचा बोळा घालावयाचा, गोळी किंवा छर्रे सोडावयाचे आणि गजाने सर्व ठासावयाचे, अशी तिची रीत होती. तोड्याच्या व चकमकीच्या बंदुकीत कानाशी रंजक घालून ती पेटवीत. एकोणिसाव्या शतकात त्या जागी तांब्याची टोपी आली. सोरा, गंधक आणि कोळसा या तीन द्रव्यांची काळी दारू देशात शतकानुशतके तयार होत होती, शिसे बाजारात मिळत होते व बंदूक दुरुस्त करणारा लोहार गावोगाव होता. गावच्या बंदुकीचा सर्व संसार अशा रीतीने गावातच उभा राहू शकत असे. सत्तेच्या दृष्टीने हीच मोठी अडचण होती. मागून भरावयाच्या बंदुका व पितळी काडतुसे आल्यावर ती आपोआप दूर झाली. कारण नव्या शस्त्राचा जीव कारखान्यातून येणाऱ्या काडतुसात होता आणि कारखाना सरकारचा होता.

काडतूस हा शब्द मराठीत पोर्तुगीजांच्या संपर्कातून आला असावा. प्रारंभीचे काडतूस म्हणजे मोजलेली दारू व गोळी यांची कागदी पुडी होय. १८५७ च्या उठावात गाजलेली चरबी लावलेली काडतुसे याच जातीची होती. ती दाताने फोडून नळीत रिकामी करावी लागत. १८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्नायडर रायफल स्वीकारली. तिच्यासाठी एडवर्ड बॉक्सर या लष्करी अधिकाऱ्याने पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेले काडतूस सिद्ध केले. १८७१ च्या मार्टिनी–हेन्री रायफलीतही गुंडाळलेल्या पत्र्याचीच पुंगळी होती. ती तापलेल्या नळीत चिकटे व ओढताना फाटे. १८८४–८५ च्या सुदान मोहिमेत या दोषाचा सैनिकांना फार जाच झाला आणि त्यानंतर एकसंध ओढीव पुंगळीचा वापर वाढला. पुन्हा भरण्याच्या दृष्टीने खरी पुंगळी ती हीच. गुंडाळलेली पुंगळी एका बारानंतर बहुधा भंगारातच जाई.

टोपीच्या रचनेतही एक फरक असून पुनर्भरणाच्या इतिहासात तो निर्णायक ठरला. बॉक्सरच्या पद्धतीत टोपीला टेकू देणारी ऐरण टोपीतच असते व पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. त्यातून सळई घालून जुनी टोपी सहज बाहेर पाडता येते. हायरम बर्डन या अमेरिकनाच्या पद्धतीत ऐरण पुंगळीच्या बुडाशीच घडवलेली असते व तिच्या बाजूंना दोन बारीक छिद्रे असतात. सरळ सळई तेथे चालत नाही. गंमत अशी, की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकनाची पद्धत ब्रिटिश लष्करी रायफलीच्या काडतुसात स्थिरावली. त्यामुळे अमेरिकेत घरच्या घरी काडतुसे भरण्याची प्रथा फोफावली, तर ब्रिटिश साम्राज्यात .३०३ च्या लष्करी पुंगळीला तिची रचनाच आडवी आली. हा योगायोग होता. पण राज्यकर्त्यांना सोयीचा होता.

पुंगळीचे पितळ सु. सत्तर टक्के तांबे व तीस टक्के जस्त यांचे असते. या प्रमाणात पितळाची तन्यता सर्वांत अधिक मिळते. जाड पत्र्याची चकती कापून तिची प्रथम वाटी करतात. ती मुद्रेतून टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी बनवितात. प्रत्येक ओढीत पितळ कठीण होते, म्हणून दोन ओढींच्या मध्ये ते तापवून मऊ करावे लागते. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. शेवटी बूड दाबून कठीण करतात व तोंड तापवून मऊ ठेवतात. एकाच नळीचे एक टोक कठीण व दुसरे मऊ असणे, यातच पुंगळीचे सारे मर्म आहे. बुडाने दाब सोसावयाचा असतो आणि तोंडाने क्षणभर फुगून नळीच्या भिंतीला चिकटून वायू मागे येऊ द्यावयाचा नसतो. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेला दारूगोळा कारखाना हे पश्चिम भारतातील लहान शस्त्रांच्या काडतुसांचे प्रमुख केंद्र ठरले. साताऱ्याच्या पोलिसांपासून दूरच्या लष्करी छावण्यांपर्यंत सर्वांची भिस्त अशा सरकारी कारखान्यांवर होती.

सातारा परिसराला पितळ नवे नव्हते. साताऱ्याची पितळी भांडी आणि शिराळ्याच्या समया विसाव्या शतकाच्या प्रारंभी साऱ्या दख्खनमध्ये प्रसिद्ध होत्या. ठोक्याने पितळ कठीण होते व तापवून पाण्यात विझविले तरी ते लोखंडासारखे कडक न होता मऊच राहते, हे ज्ञान येथील तांबटाला परंपरेने होते. मठारकामात भांड्याच्या अंगावर जे एकसारखे ठोके दिसतात ते शोभेसाठी असतात तसेच पत्र्याला ताठपणा आणण्यासाठीही असतात. कारखान्यातील अनुशीतन व तांबटाच्या भट्टीतील ताव यांचे तत्त्व एकच आहे. फरक मोजमापाचा आहे. हंड्याचा काठ सुताभर कमीजास्त झाला तर पाणी सांडत नाही. पुंगळी तेवढ्या फरकाने रायफलीत बसतच नाही, आणि तिचे बूड चुकून तापले गेले तर दाबाखाली फाटून मागे उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येते.

वापरलेल्या पुंगळीची सफाई हा पुनर्भरणातील पहिला व सर्वांत वेळखाऊ भाग होय. काळ्या दारूचा अवशेष क्षारयुक्त असून तो हवेतील ओल शोषून घेतो. पुंगळी तशीच ठेवली तर दोनचार दिवसांत तिच्यावर हिरवा जंगाल चढतो व पितळ आतून पोखरले जाते. म्हणून काळ्या दारूच्या काळात बार झाल्यावर लवकरात लवकर पुंगळ्या साबणाच्या कढत पाण्यात धुण्याचा नियम होता. पुढे धूरहीन दारू आली तेव्हा हा त्रास संपेल असे वाटले होते. प्रत्यक्षात एक नवा त्रास उद्‌भवला. जुन्या टोप्यांत मर्क्युरी फल्मिनेट असे. काळ्या दारूच्या जाड काजळीत त्यातील पारा बराचसा अडकून जाई. धूरहीन दारूत काजळी नसल्याने तो थेट पितळात मुरे आणि पितळ ठिसूळ होई. अशी पुंगळी बाहेरून कितीही घासून लखलखीत केली तरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या भरणीत तडकते. अमेरिकेच्या सरकारी शस्त्रागारांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा अनुभव आला व त्यांनी पाराविरहित टोप्या स्वीकारल्या. त्यांतील पोटॅशियम क्लोरेटचा अवशेष मिठासारखा असतो; तो पितळाला फारसा बाधत नाही, पण बंदुकीची नळी गंजवितो. तो केवळ पाण्यात विरघळतो, तेलाने जात नाही. बंदूक पाण्याने धुवून मग तेल लावण्याची जुन्या शिपायांची शिस्त यावरूनच आली.

काजळी व जंगाल काढण्यासाठी सौम्य आम्ल लागते. घरोघरी पितळी भांडी ज्या चिंचेने किंवा लिंबाने घासतात त्यांतील अनुक्रमे टार्टारिक व सायट्रिक अम्ले हेच काम करतात. पाश्चात्त्य देशांतील हौशी नेमबाजही सायट्रिक अम्लाचे पातळ द्रावण वापरतात. अम्ल तीव्र असेल किंवा फार वेळ राहिले तर पितळातील जस्त विरघळून निघते व पृष्ठभागावर तांबूस छटा येते. ही छटा दिसली की पुंगळी बाद समजतात. माती, राख किंवा विटकरीची पूड भांड्यांना चालते, परंतु पुंगळीवर तिचे चरे उमटतात व कण आत राहिल्यास नळी खराब होते. म्हणून भुसा, मक्याच्या कणसाचे दाणेदार चूर्ण किंवा अक्रोडाच्या टरफलांचा भरडा यांत पुंगळ्या घालून पिंप फिरवीत ठेवण्याची पद्धत आली. कंप देणारी भांडी, श्राव्यातीत लहरींची टाकी व पोलादी सुयांचे ओले मिश्रण ही तिचीच अलीकडील रूपे होत. सफाईचा हेतू चकाकी हा नाही. पितळ स्वच्छ झाल्यावरच त्यावरील बारीक भेग, बुडाच्या वर दिसणारी फिकट कडी आणि छिद्राभोवतीची झीज डोळ्यांना दिसते. ही फिकट कडी म्हणजे पुंगळी आतून पातळ होऊन दुभंगण्याच्या बेतात असल्याची खूण होय.

नवसागराचा मुद्दा येथे वेगळा नोंदला पाहिजे. कल्हईवाला भांडे तापवून त्यावर कथील फिरविण्यापूर्वी नवसागर टाकतो, त्यामुळे मळ निघून कथील धरते. भांड्याला त्याने अपाय होत नाही. पुंगळीला मात्र अमोनिया हा शत्रू होय. भारतातील ब्रिटिश लष्कराला पावसाळ्यात हा अनुभव वारंवार आला : तबेल्यांजवळ साठविलेली न वापरलेली काडतुसे, कोणी हातही न लावता, तोंडाशी उभी तडकलेली आढळत. दोष पितळाचा, कारखान्याचा की हवेचा याविषयी दीर्घकाळ तर्क चालले. ऋतूशी संबंध दिसल्याने इंग्रजीत या दोषाला ऋतुवाचक नाव पडले व ते आजही टिकून आहे. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी याचा उलगडा केला. शीत अवस्थेत ओढलेल्या पितळात प्रतिबले कोंडलेली असतात; घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया ओलसर हवेत पितळाच्या कणसीमांवर क्रिया करतो आणि दोन्ही कारणे एकत्र आली की धातू तडकतो. पुंगळी हलक्या तापमानाला तापवून प्रतिबले मोकळी करणे हा त्यावरील उपाय होय. प्रतिबल-संक्षारण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धातुविज्ञानातील शाखेचा हा एक पायाभूत दाखला असून त्याचे मूळ भारतातील पावसाळ्यात व तबेल्यात आहे, ही गोष्ट अभ्यासकांखेरीज फारशी कोणाला माहीत नसते.

*कायदा* : १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याविना शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांना त्यातून दिलेली सूट हा भारतीय राजकारणात दीर्घकाळ संतापाचा विषय होता. त्या सूटीची चर्चा पुष्कळ झाली. दारूगोळ्याच्या व्याख्येची फारशी झाली नाही. या व्याख्येत टोप्या, बंदुकीचे बोळे, दारूगोळ्याचे सर्व सुटे भाग व दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्री यांचा समावेश होता. शिसे, गंधक व सोरा ही द्रव्ये व्याख्येतून वगळलेली होती, मात्र युद्धसामग्री म्हणून त्यांच्यावर अधिसूचनेने निर्बंध लादण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला होता. रिकामी पुंगळी हा दारूगोळ्याचा भागच ठरत असल्याने भंगार म्हणूनही ती निर्वेध राहिली नाही. लष्करी व पोलिसी चांदमारीनंतर पुंगळ्या वेचून, मोजून परत करण्याची सक्ती असे. त्यामागे पितळाची बचत हा एक हेतू होता, आणि त्या बाहेर जाऊ नयेत हा दुसरा. वायव्य सरहद्दीवर या दुसऱ्या हेतूला मोठे वजन होते, कारण तेथील कारागीर वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून स्थानिक दारूने पुन्हा भरीत.

पोलिसांच्या हाती दिलेल्या शस्त्रातही हीच दक्षता दिसते. इशापूरच्या कारखान्यात लष्करी रायफलींच्या नळ्या आतून गुळगुळीत करून .४१० व्यासाच्या एकबारी मस्केटी तयार करण्यात आल्या व त्या पोलीस आणि तुरुंगरक्षक यांना देण्यात आल्या. त्यांचे काडतूस खास वेगळे होते. अशी मस्केट हिसकावून घेतली तरी तिच्यासाठी काडतुसे मिळणे कठीण जाई. शस्त्र गेले तरी चालेल, काडतूस जाता कामा नये, असाच हा हिशेब होता.

*शिकार* : कायद्याच्या चौकटीत घरी काडतुसे भरण्याची प्रथा मुख्यतः शिकाऱ्यांत होती. बारा बोअरच्या बंदुकीसाठी बर्मिंगहॅमच्या कायनॉक व लंडनच्या ईली या कंपन्या कागदी काडतुसांबरोबर संपूर्ण पितळी पुंगळ्याही विकत. जुनी टोपी पाडण्याची सळई, नवी बसविण्याचा दांडा, दारूचा मापी पेला, बोळे दाबण्याचा लाकडी ठोकणा आणि कागदी काडतुसाचे तोंड वळविणारे हातयंत्र अशी साधने त्यांसोबत मिळत. भारतात पितळी पुंगळीला पसंती मिळण्याचे कारण पाऊस हे होते : कागदी काडतूस ओलीने फुगते व बंदुकीत अडकते. महाबळेश्वर, पाटण व शिराळ्याच्या घाटमाथ्यावर, जेथे चार महिने घरातील कपडेही वाळत नाहीत, तेथे ही अडचण माण किंवा जत भागापेक्षा कितीतरी अधिक. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत इ. संस्थानांमुळे या परिसरात परवानाधारक व परवान्यातून मुक्त असलेल्या बंदुका त्यामानाने पुष्कळ होत्या. रयतेच्या हाती मात्र पिकांच्या राखणीसाठी मिळालेली एखादी ठासणीची बंदूक असली तर असे.

*प्रतिसरकारचा काळ* : ऑगस्ट १९४२ मध्ये राष्ट्रीय नेत्यांना अटक झाल्यानंतर सातारा जिल्ह्यातील आंदोलनाने प्रथम मोर्चांचे रूप घेतले. २४ ऑगस्टला कराड व ३ सप्टेंबरला तासगाव येथील कचेऱ्यांवर मोर्चे गेले. तासगावचा मोर्चा रक्तपाताविना पार पडला. ९ सप्टेंबरला वडूज येथे मात्र निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूर येथील गोळीबारात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील अभियंता उमाशंकर पंड्या व विष्णू बारपटे हे बळी पडले. जमावाची संख्या कितीही असली तरी काडतुसासमोर तिचा निभाव लागत नाही, हे या दोन दिवसांत रोकडे सिद्ध झाले. तेथून चळवळ भूमिगत झाली व १९४३ च्या मध्यापासून क्रांतिसिंह नाना पाटील (१९००–७६) यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार आकारास आले. न्यायदान, दारूबंदी, सावकारी व गुंडगिरी यांचा बंदोबस्त आणि साध्या खर्चाचे विवाह हे त्याचे कार्य सुविदित आहे. त्याच्या शस्त्रसामग्रीचा प्रश्न मात्र पराक्रमाच्या कथांत झाकून जातो.

कुंडल येथे जी. डी. बापू लाड (१९२२–२०११) व कॅप्टन भाऊ ऊर्फ रामचंद्र लाड (१९२२–२०२२) यांनी तुफान सेनेचे दल उभारले. कवायत, लाठी व धावणे यांचे शिक्षण शेकडो तरुणांना देता येत होते. रायफलीचे देता येत नव्हते, कारण नेमबाजी शिकविणे म्हणजे काडतुसे उडविणे. प्रत्येक बारामागे एक काडतूस कायमचे कमी होणार, ते भरून काढण्याचा मार्ग नाही, अशा स्थितीत सरावावर दारूगोळा खर्च करणे परवडणारे नव्हते. नियमित सैन्यात शिपाई जितकी काडतुसे चांदमारीत उडवितो तितकीही येथे प्रत्यक्ष लढाईसाठी नव्हती. आपल्या साऱ्या कारवाया भूमिगतांनी अचानक छापा, वेषांतर व वेगाने पसार होणे यांवर बेतल्या, त्यामागे जशी गनिमी परंपरा होती तशी ही टंचाईही होती.

शस्त्रे मिळविण्याचे मार्ग दोनच होते : पोलिसांकडून हिसकावणे व ब्रिटिश कायदा लागू नसलेल्या पोर्तुगीज गोव्यातून आणणे. दोन्हींत काडतुसांचे मोल बंदुकीहून कमी नव्हते. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील (१९१७–८९) व त्यांचे सहकारी सांगलीच्या गणेशदुर्गातील तुरुंग फोडून बाहेर पडले ते पहारेकऱ्यांच्याच बंदुका ताब्यात घेऊन. पाठलागात झालेल्या गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव यांना मृत्यू आला; वसंतदादांच्या खांद्याला गोळी लागून ते पकडले गेले. पुरेशा दारूगोळ्याचा पाठिंबा असलेल्या शिपायांपुढे हिसकावलेल्या शस्त्राची मर्यादा येथे उघड झाली. नाना पाटील यांच्या कन्या हौसाबाई पाटील (१९२६–२०२१) यांनी भवानीनगर पोलीस ठाण्यासमोर एका सहकाऱ्याबरोबर नवरा-बायकोच्या भांडणाचा बनाव केला. पोलीस ते सोडविण्यास बाहेर आले आणि मागून आत शिरलेल्या साथीदारांनी रायफली व काडतुसे पळविली. रायफलींबरोबर काडतुसे उचलण्यास ते विसरले नाहीत, ही बाब या प्रसंगाच्या नाट्यात सहसा दुर्लक्षिली जाते. त्यांच्याविना त्या रायफली लाठीहून जड, इतकाच त्यांचा गुण उरला असता.

गोव्याहून शस्त्रे आणण्यास पैसा लागे. ७ जून १९४३ रोजी शेणोली स्थानकाजवळ रेल्वे कर्मचाऱ्यांच्या पगाराची गाडी लुटण्यात आली, तीत सु. १९,००० रुपये मिळाले. १४ एप्रिल १९४४ रोजी खानदेशात चिमठाणे गावाजवळ धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा साडेपाच लाखांहून अधिक रुपयांचा सरकारी खजिना जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी (१९२२–२०१२) आदींनी हस्तगत केला. सातारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी इतक्या दूर जाऊन केलेल्या या धाडसाची गरज समजून घ्यावयाची तर चळवळीच्या खर्चात शस्त्रे व दारूगोळा यांना किती वाटा द्यावा लागत असे, हे ध्यानात घेतले पाहिजे. विकत घेतलेली शस्त्रे निरनिराळ्या बनावटीची असत. एका रायफलीचे काडतूस दुसरीत चालत नाही. त्यामुळे हाती दहा शस्त्रे असणे याचा अर्थ दहा लढवय्ये सज्ज असणे असा होत नसे.

किर्लोस्करवाडीसारखे यंत्रशाळेचे केंद्र कुंडलला खेटून असताना काडतुसे स्थानिक पातळीवर का सिद्ध झाली नाहीत, असा प्रश्न विचारता येईल. त्याचे उत्तर धातूत नसून रसायनात आहे. नांगर व पंप घडविणाऱ्या कुशल कारागिराला पितळी पुंगळी साफ करून तिला मूळ आकारात आणणे अशक्य नव्हते. परंतु लष्करी रायफलीची कॉर्डाइट ही धूरहीन दारू, जिचा भारतातील कारखाना निलगिरीत अरुवनकाडू येथे होता, ती नत्रोग्लिसरीन व नत्रसेल्युलोज यांपासून बनते. ती काळ्या दारूप्रमाणे उखळात कुटून होत नाही. टोपीतील स्फोटक तर त्याहून नाजूक व घातक. काळी दारू भरून लष्करी पुंगळी उडविता येते, मात्र गोळीचा वेग मंदावतो, नळी काजळते आणि धुराचा ढग लपलेल्याची जागा दाखवितो. भूमिगताला हा शेवटचा दोष सर्वांत महाग पडतो. टोपी व दारू या दोन दुव्यांवर सरकारचा ताबा होता तोवर पुंगळीची मालकी कोणाकडे आहे याला दुय्यम अर्थ होता.

लढ्याच्या अखेरच्या पर्वात आझाद हिंद सेनेतील काही सैनिक नागनाथ नायकवडी यांच्या गटास येऊन मिळाले व प्रथमच अनुभवी लष्करी शिक्षण मिळू लागले. २५ फेब्रुवारी १९४६ रोजी शिराळा भागातील मणदूर–सोनवडेच्या डोंगरात या गटाची पोलिसांशी चकमक झाली. तीत वाळव्याचे किसन अहीर व आझाद हिंद सेनेचे नानकसिंग धारातीर्थी पडले. वाळवा येथील साखर कारखान्याला किसन अहीर यांचे नाव देण्यात आले आहे. १९४६ च्या एप्रिलमध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर प्रतिसरकारचे कार्य थांबले. यातील काही कार्यकर्त्यांनी पुढे हैदराबाद संस्थानातील मुक्तिसंग्रामास साहाय्य केले.

रिकाम्या पुंगळीला आणखी एक उपयोग मध्यंतरी प्राप्त झाला होता, तो पुराव्याचा. घोड्याच्या टोचणीची टोपीवरील खूण व पुंगळी बाहेर ओढताना बुडाला पडलेले ओरखडे प्रत्येक शस्त्रागणिक भिन्न असतात. १९२० नंतर तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या खुणांचा अभ्यास सुरू झाला. कलकत्ता पोलिसांनी १९३० मध्ये यासाठी शस्त्रतज्ञाची नेमणूक करून लहान प्रयोगशाळा काढली. तेव्हापासून घटनास्थळी पुंगळी न सोडणे हे भूमिगतांच्या आणि ती शोधणे हे पंचनामा करणाऱ्यांच्या कर्तव्यात मोडू लागले.

स्वतंत्र भारतात १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. वांशिक भेद त्याआधीच संपुष्टात आलेला होता. दारूगोळ्याच्या व्याख्येत सुटे भाग व निर्मितीची यंत्रे कायम राहिली आणि परवान्याविना दारूगोळा तयार करणे हा गुन्हाही कायम राहिला. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक लष्करी दारू स्वस्तात बाजारात आली व घरी काडतुसे भरणे हा लक्षावधी नागरिकांचा छंद झाला. तसे भारतात घडले नाही. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमानंतर शिकार थांबली व शिकाऱ्यांची पितळी पुंगळी जुन्या वाड्यांतील पेट्यांत उरली. बारा बोअरसाठी खडकीच्या कारखान्यात तयार होणारी ‘शक्तिमान’ काडतुसे परवानाधारकांच्या परिचयाची झाली. १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे लहान शस्त्रांच्या काडतुसांचा दुसरा मोठा कारखाना सुरू झाला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेले.